घर आणि यंत्र : डीव्हीडीतला एकच भाग हवा असेल तर

कोकणातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अब्बांनी, शाळेत मास्तर असताना ‘भारत एक खोज’ या मालिकेचा डीव्हीडी संच विकत घेतला होता. संच अजून कपाटात नीट आहे, पण प्लेअर गेल्या पावसाळ्यात बंद पडला. दुरुस्त करणारा आता जवळपास कुणी उरलेला नाही. नात सातवीत आहे, तिला अकबराचे भाग दाखवावेत अशी अब्बांची फार इच्छा. थोरल्या नातवाने डिस्क लॅपटॉपला लावली, आतला सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला आणि पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे खोचला. पुढचे त्यांच्याच शब्दांत : ‘‘एक फाइल लावली की गोष्ट मधूनच सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटांनी वाक्य अर्धे असतानाच तुटते. कोणता भाग कोणत्या फाइलमध्ये आहे ते कळायला मार्ग नाही. एक भाग, एक फाइल असे करता येते का? आणि असे करणे बरोबर आहे का?’’

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. करता येते, आणि ते लवकर करावे. कारण प्लेअर नवा मिळेलही, पण डिस्कचे आयुष्य त्याच्या हातात नाही.

आधी नातवाची खटपट का फसली ते पाहू. डीव्हीडीत भाग एकेका फाइलमध्ये ठेवलेले नसतात. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात तीन प्रकारच्या फाइली. चित्र-आवाज असतो व्हीओबी फाइलींमध्ये. ही फाइल 1 जीबीपेक्षा मोठी करायची नाही असा डीव्हीडीचा नियमच आहे. म्हणून चित्रीकरण कितीही लांब असो, 1 जीबी भरली की तिथे तोडून पुढची फाइल सुरू. एखाद्या बाइंडरने धडे न बघता जाड ग्रंथाच्या सारख्या जाडीच्या जिल्दी बांधाव्यात, तसा हा प्रकार आहे. धडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे दुसऱ्या प्रकारच्या, आयएफओ नावाच्या छोट्या फाइलींत लिहिलेले असते. ती झाली अनुक्रमणिका. तिसरी बीयूपी, ती त्या अनुक्रमणिकेचीच जादा प्रत. प्लेअर आधी अनुक्रमणिका वाचतो आणि मग बरोबर त्या ठिकाणी उडी मारतो. टीव्हीला पेनड्राइव्हवरची ही अनुक्रमणिका वाचता येत नाही, त्याला दिसतात फक्त जिल्दी.

शिवाय बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडींवर कुलूप असते. अशा डिस्कच्या फाइली नुसत्या उचलून ठेवल्या तर कधी कॉपी होतानाच अडतात, कधी उतरतात पण पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन नाचतात. या कुलपाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, ती पुढे येईलच.

म्हणजे काम असे आहे : अनुक्रमणिका वाचू शकणाऱ्या प्रोग्रॅमकडून हवा तो धडा सलग काढून घ्यायचा. या धड्याला डीव्हीडीच्या भाषेत ‘टायटल’ म्हणतात, आणि टायटलच्या आतल्या परिच्छेदांना ‘चॅप्टर’. मालिकेच्या डिस्कवर बहुधा एक भाग म्हणजे एक टायटल असते. बहुधा म्हटले, नेहमी नाही. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी त्या ‘बहुधा’त आहे.

साहित्य काय लागेल? डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, त्यासाठी यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. तो जोडल्यावर डिस्क फिरताना अडखळत असेल तर बऱ्याचदा दोष डिस्कचा नसतो, यूएसबीतून वीज अपुरी मिळत असते. लॅपटॉपच्याच खाचेत थेट लावा, मध्ये हब नको. शेजारी-नातेवाइकांकडे कुठेतरी जुना डेस्कटॉप धूळ खात पडलेला असेलच, त्याचा ड्राइव्ह पुष्कळदा नव्या स्वस्त ड्राइव्हपेक्षा खरचटलेली डिस्क अधिक निमूटपणे वाचतो.

प्रोग्रॅम दोन-तीन आहेत आणि डीव्हीडीच्या कामापुरते मोफत आहेत. पहिला व्हीएलसी, तो पुष्कळांकडे असतोच. दुसरा मेकएमकेव्ही, हा टायटल जसेच्या तसे बाहेर काढतो. तिसरा हँडब्रेक, हा काढलेली फाइल लहान करून टीव्ही-मोबाइलला चालेल अशी बनवतो. हे सगळे ज्याच्या त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावेत. ‘मोफत डीव्हीडी रिपर’ असे शोधून समोर येईल ते बसवू नये. त्यातले काही प्रोग्रॅम निम्मा भाग काढून देतात आणि उरलेल्यासाठी पैसे मागतात, काही त्याहून वाईट असतात.

डिस्क घालण्याआधी ती पुसा. मऊ सुती कापड किंचित ओले करा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल फिरवून नाही. गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबरच धावतो आणि सलग मोठा तुकडा वाचता येत नाही. आडवा ओरखडा त्या मानाने प्रोग्रॅमला सावरून घेता येतो. बोटांचे तेलकट डाग असतील तर पाण्यात साबणाचा एखादा थेंब पुरे. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचे पाणी यांपैकी काही लावू नका.

आता प्रत्यक्ष काम. मेकएमकेव्ही उघडून डिस्क घातली की ड्राइव्हचे मोठे चित्र दिसते, त्यावर क्लिक करा. दोन-चार मिनिटे तो अनुक्रमणिका वाचतो आणि टायटलांची यादी समोर मांडतो. प्रत्येकापुढे लांबी, चॅप्टरांची संख्या आणि जीबीतला आकार असतो. दोन मिनिटांपेक्षा लहान तुकडे, म्हणजे कंपनीचे बोधचिन्ह, इशाऱ्याची पाटी वगैरे, तो आपणच गाळतो.

ही यादी नीट वाचणे हेच खरे कौशल्य. समजा यादीत पन्नास-पन्नास मिनिटांची चार टायटले आहेत आणि एक तीन तास वीस मिनिटांचे. मोठे पाहून मोह होतो, पण ते म्हणजे मेनूतल्या ‘सगळे चालवा’ या बटणामागचे टायटल. त्यात तेच चार भाग एकामागोमाग आहेत. त्याची खूण काढा, चार छोट्यांवर ठेवा. सगळ्यांवर खुणा ठेवल्यात तर तोच मजकूर दोनदा उतरेल, जागा आणि वेळ दुप्पट. कधीकधी एकसारख्या लांबीची दोन टायटलेही दिसतात, सेकंदासेकंदाला जुळणारी. त्यांतले एक पुरेसे असते, पण खुणा काढण्याआधी व्हीएलसीत दोन्ही अर्धा-अर्धा मिनिट बघून घ्या. व्हीएलसीत डिस्क उघडली की वरच्या मेनूतून टायटल क्रमांक निवडता येतो.

खुणा झाल्या की कुठे ठेवायचे तो फोल्डर निवडा आणि उजवीकडचे बटण दाबा. डिस्क चांगली असेल तर वीस मिनिटे ते अर्धा तास. बाहेर पडलेली प्रत्येक एमकेव्ही फाइल म्हणजे एक संपूर्ण भाग. चित्राचा दर्जा तसूभरही कमी झालेला नसतो, कारण यात काही नव्याने दाबले जात नाही, फक्त जिल्दी उसवून धडे वेगळे होतात.

टायटलांचा क्रम आणि भागांचा क्रम एकच असेल असे समजू नका. पहिले टायटल म्हणजे डिस्कवरचा तिसरा भाग, असे सापडू शकते. ‘भारत एक खोज’च्या बाबतीत ओळख पटवणे सोपे आहे, कारण प्रत्येक भागाच्या तोंडी वनराज भाटियांचे ते घुमणारे शीर्षकगीत असते. ते वाजले की नवा भाग. 1988 साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका 53 भागांची. श्याम बेनेगल यांनी पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वरून केलेली, नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ. अकबर कुलभूषण खरबंदांनी केला, शिवाजी महाराज नसीरुद्दीन शाह यांनी आणि औरंगजेब ओम पुरींनी. अब्बा मास्तर होते म्हणून सुचवतो, नातीला अकबरापाशी थांबवू नये. औरंगजेब आणि शिवाजी महाराजांचे भागही लगोलग दाखवावेत. सातवीच्या पुस्तकातली नावे चालती-बोलती होतात.

आता तो ‘बहुधा’. काही डिस्कवर सुटी टायटले नसतातच, तीन तासांचे एकच टायटल आणि त्यात पंचवीस-तीस चॅप्टर. अशा वेळी व्हीएलसीत ते लावा, चॅप्टर एकेक पुढे न्या आणि शीर्षकगीत कोणकोणत्या चॅप्टरला वाजते ते कागदावर लिहा. समजा 1, 8, 15 आणि 22. मग मेकएमकेव्हीने ते लांब टायटल एकदा काढून घ्या आणि एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या आणखी एका मोफत प्रोग्रॅमात टाका. त्याच्या आउटपुटच्या पानावर तुकडे कसे करायचे हे विचारणारी जागा आहे. तिथे ‘चॅप्टरच्या आधी’ हा पर्याय निवडून 8, 15, 22 लिहा. चार फाइली होतील, दर्जा तोच. चॅप्टरच्या खुणा चुकीच्या जागी पडल्या असतील तर तास-मिनिट-सेकंद देऊनही कापता येते. मात्र तुकडा अगदी नेमक्या सेकंदाला पडेलच असे नाही, जवळच्या पूर्ण चित्रापाशी पडतो. एक-दोन सेकंदांचा फरक सोडून द्यावा.

उतरवलेली फाइल टीव्हीवर लावून बघा. चालली तर पुढचे काही करायची गरज नाही. काही टीव्हींना आणि बऱ्याच मोबाइलना डीव्हीडीच्या जुन्या पद्धतीचे चित्र किंवा आवाज झेपत नाही. चित्र दिसते आणि आवाज येत नाही, ही नेहमीची तक्रार. तेव्हा हँडब्रेक. त्यात एमकेव्ही फाइल टाका, तयार मापांपैकी 576 ओळींचे माप निवडा, फाइलचा प्रकार एमपी4 ठेवा. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र साधारणपणे 720 बाय 576 ठिपक्यांचे असते. ते 1080 करून घेतल्याने काही स्पष्ट होत नाही, फाइल तेवढी फुगते. दर्जाची सरकपट्टी 20च्या आसपास ठेवावी. आकडा वाढवला की दर्जा घटतो, हे उलटे आहे, लक्षात ठेवा.

जुन्या दूरदर्शनच्या मालिकांत माणूस झपकन वळला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. टीव्हीसाठी चित्र एकाआड एक ओळींनी टिपलेले असल्याचा हा परिणाम. हँडब्रेकच्या फिल्टरच्या पानावर त्या ओळी जुळवण्याची सोय असते, ती चालू आहे ना ते पाहा. आणि चित्र रुंद पडद्यावर ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. पट्ट्या घालवायच्या नादात नसीरुद्दीन शाह आडवे होतात.

हिशेब मांडायचा तर पन्नास मिनिटांचा एक भाग मूळ स्वरूपात साधारण दीड जीबी होतो. 53 भागांचे 80 जीबी, म्हणजे 128 जीबीच्या पेनड्राइव्हवर अख्खी मालिका मावते. हँडब्रेकमधून काढलेली प्रत त्याच्या निम्म्याहून लहान होऊ शकते. माझे मत असे की, मूळ एमकेव्ही हार्डडिस्कवर जपावी आणि लहान केलेली प्रत पाहण्यासाठी वापरावी. लहान फाइलीतून पुन्हा मोठी, चांगली फाइल करता येत नाही. जाता जाता एक : पेनड्राइव्ह जुन्या फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेतच नाही. तीन तासांचे ते ‘सगळे चालवा’वाले टायटल तिथेच अडते. सुटे भाग आरामात बसतात.

नावे देताना भाग क्रमांक दोन आकडी लिहा. 1, 2, 3 असे लिहिले तर काही टीव्ही 1 नंतर 10, 11 दाखवतात आणि 2 खाली कुठेतरी जातो. 01, 02 लिहिले की क्रम नीट राहतो. टीव्हीला देवनागरी नावे वाचता येत नसतील तर रोमन लिपीत लिहावीत. अब्बांसाठी एका वहीत यादी करून ठेवली तर उत्तम : क्रमांक, विषय, किती मिनिटे.

प्रत झाली म्हणून लगेच डिस्क माळ्यावर टाकू नका. प्रत्येक फाइलची सुरुवात, मध्य आणि शेवटची दोन मिनिटे बघा. यादीतल्या लांबीशी फाइलची लांबी ताडून पाहा. ओरखड्याच्या जागी प्रोग्रॅमने तक्रार नोंदवली असेल तर डिस्क पुन्हा पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा.

घाई करा असे म्हणतो त्याचे कारण आपली हवा. डीव्हीडी ही दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते आणि माहितीचा चकचकीत थर त्या दोहोंच्या मध्ये असतो. कोकणच्या दमट हवेत कडेने ओल शिरली की तो थर काळवंडू लागतो. कडेला तपकिरी छटा किंवा टाचणीएवढी भोके दिसू लागली तर ती डिस्क आधी घ्या. उजेडासमोर धरून तपासा. चकतीचा हा थर गेला की पॉलिश, पेस्ट, काहीही उपयोगाचे नाही.

आता दुसरा प्रश्न, बरोबर आहे का? आपल्याकडे 1957चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम 52 मध्ये खाजगी, वैयक्तिक वापरासाठीचा रास्त वापर हा हक्कभंग मानलेला नाही. 2012च्या दुरुस्तीने कलम 65अ आले. कलाकृतीच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप, तिच्यावरचा हक्क मोडण्याच्या इराद्याने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘इराद्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या हेतूसाठी त्यात सूटही ठेवली आहे, आणि दुसऱ्याला कुलूप काढून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव-पत्त्यासह पूर्ण नोंद ठेवावी अशी अट घातली आहे. दुकानात जाऊन ‘काढून दे’ म्हणण्याआधी हे माहीत असावे. पैसे देऊन घेतलेल्या संचाची एक प्रत आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी पाहण्यासाठी ठेवणे मला यात रास्तच दिसते. तीच फाइल व्हॉट्सॲपवर फिरवणे, पेनड्राइव्ह भरून विकणे, भाड्याने किंवा उसनी आणलेली डिस्क उतरवून परत करणे, हे रास्त नाही. संच कुणाला दिला किंवा विकला तर घरातली प्रतही पुसून टाकावी. विकत घेतली ती डिस्क. कलाकृती ज्यांची, त्यांचीच राहते.

परदेशात राहणाऱ्या मुला-मुलींनी तिथला कायदा पाहावा. अमेरिकेत 1998च्या कायद्याने कुलूप काढणेच मुळात मना आहे. ब्रिटनमध्ये 2014 साली घरगुती प्रतीला दिलेली मुभा पुढच्याच वर्षी न्यायालयाने रद्द ठरवली.

आणि कुलपाची ती गोष्ट. 1999 साली नॉर्वेतल्या पंधरा वर्षांच्या योन योहानसेन या मुलाचे नाव जगभर झाले. लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तेव्हा डीव्हीडी पाहण्याची सोय नव्हती. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी कुलूप उघडणारा छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. चित्रपट कंपन्यांच्या तक्रारीवरून खटला उभा राहिला. 2003 साली आधी खालच्या आणि मग वरच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहण्याचा त्याला हक्क आहे, असे न्यायालयाने मानले.

पत्रात शेवटी एक ओळ आहे, चाचांनी कुवेतहून आणलेल्या काही डिस्क लॅपटॉपवर ‘चुकीचा प्रदेश’ म्हणतात. डीव्हीडी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत आणि पाकिस्तान पाचव्या विभागात, आखाती देश दुसऱ्यात. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. म्हणून विंडोज विचारते तेव्हा भराभर ‘हो’ म्हणत सुटू नका. आधी डिस्क मेकएमकेव्ही किंवा व्हीएलसीत उघडून बघा. हे प्रोग्रॅम पुष्कळदा विभागाची अडचण ओलांडून जातात. नाहीच जमले तर एखादा जुना ड्राइव्ह कायमचा दुसऱ्या विभागाला लावून द्यावा.

त्या डिस्कवर आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसला तर ती डीव्हीडी नाही, व्हीसीडी आहे. मग काम फारच सोपे. त्यातल्या डॅट फाइली सरळ कॉपी करून व्हीएलसीत लावा, बहुतेक चालतात. टीव्हीसाठी हव्या असतील तर त्याच फाइली हँडब्रेकमध्ये टाका. घरच्या निकाहाच्या, वलीम्याच्या डिस्कवर कुलूप नसते, त्यामुळे त्या आणखी लवकर होतात. पण त्या घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या असतात आणि त्यांतला रंगाचा थर ऊन-उष्णतेने बाजारच्या डिस्कपेक्षा आधी उडतो. मालिका पुन्हा कुठेतरी मिळेल. अकबराच्या आधी त्या काढा.